कृष्णा कालव्याच्या कोरड्या फाट्यावरची चाल: काय बघावं, कुठे जपावं

पलूस तालुक्यात, कुंडल ते किर्लोस्करवाडी या पट्ट्यात, कृष्णा कालव्याच्या एका बंद पडलेल्या फाट्याच्या काठाने हिवाळ्यातल्या रविवारी एक मार्गदर्शित चाल घेतली जाते. अंतर सात किलोमीटर, वेळ सकाळी पावणेसात ते अकरा, माणशी ३०० रुपये नाश्ता धरून. सोबत दोघं असतात. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक, दुसरे जुन्या चुन्याच्या कामाची माहिती असलेले गवंडी. ही जोडी हेच या फेरीचं खरं बळ आहे. फाट्याचं नाव आणि नंबर इथे मुद्दाम देत नाही. काठावर विहिरी आणि मोटारी आहेत, दगडी कामात थोडं बिडाचं लोखंड अजून शिल्लक आहे, आणि अशा जागेचा पत्ता गाजला की ते लोखंड आधी भंगारात जातं.

चाल घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगतो. वाहत्या कालव्यावर माणसाला फक्त पाणी दिसतं. तळ, उंबरे, दारांच्या खाचा, उताराची चतुराई हे सगळं पाण्याखाली असतं. कोरड्या फाट्यात तेच उघडं पडतं. कालवा म्हणजे इंजिन नसलेलं यंत्र आहे, ते केवळ उतारावर चालतं. हे कळायला बंद पडलेल्या फाट्याइतकी चांगली जागा नाही. फेरीच्या पहिल्या दोन तासांत हे फार नीट समजावलं जातं. पुढच्या भागात ढिलाई आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

सुरुवातीला एक छापील पान हातात देतात. त्यावर ‘या कालव्याला कोयनेचं पाणी मिळतं’ असं लिहिलंय, ते दुरुस्त करायला हवं. कृष्णा कालवा निघतो कराडच्या वरच्या अंगाला, खोडशीच्या बंधाऱ्यापासून. कोयना कृष्णेला मिळते त्याच्या खाली, कराडच्या प्रीतिसंगमावर. खालच्या नदीचं पाणी वरच्या बंधाऱ्यात चढणार कसं? कालव्याला येतं ते कृष्णेचं आणि तिला वर मिळणाऱ्या वेण्णा, उरमोडी, तारळी यांचं पाणी. खोडशीला फार साठा होत नाही. बंधारा फक्त नदीची पातळी उचलतो आणि पाणी डाव्या तीरावरच्या कालव्यात वळवतो. १८६०च्या दशकात हे काम झालं तेव्हा वर एकही मोठं धरण नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटली की कालवाही आटायचा. वाईजवळ धोम आणि वेण्णेवर कण्हेर ही धरणं झाल्यावर उन्हाळी आवर्तनाला, म्हणजे ठरावीक दिवसांनी कालव्यात पाणी सोडण्याला, आधार आला. एवढा इतिहास चार वाक्यांत सांगता येतो, आणि पुढे दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो लागतो. त्या पानावर तो नीट यायला हवा.

मुख्य कालवा अजून वाहतो, हेही लक्षात ठेवा. कोरडा आहे तो फाटा. खात्याच्या भाषेत वितरिका, गावच्या भाषेत पोटपाट नाहीतर नुसतं ‘कॅनॉलचा फाटा’.

चाल सुरू होते ती फाट्याच्या तोंडाशी. इथे निदान वीस मिनिटं थांबा, घाई करू देऊ नका. मुख्य कालव्याच्या काठात दोन दगडी पाखे, म्हणजे बाजूच्या भिंती, आणि मधे दोन खिडक्या आहेत. खिडकीच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत घडीव खाच आहे. तिच्यात बिडाचं दार वरखाली व्हायचं, वर आट्याचा उभा दांडा आणि त्यावर हाताने फिरवायचं चाक. आता एका खिडकीत दार आहे, पण दांडा वाकलाय. दुसरीत दारच नाही, खाचेत माती भरून खिडकी बंद केली आहे. दार का बिघडतं हे निरीक्षकांनी छान दाखवलं. आट्यांना वंगण नसलं की चाक फिरत नाही. मग रात्री पाळी आलेला माणूस पहार लावून जोर करतो, दांडा वाकतो, आणि एकदा वाकलेला दांडा पुन्हा सरळ बसत नाही. अर्धवट उघडं राहिलेलं दार पूर्ण बंद असलेल्या दारापेक्षा वाईट, कारण शेवटाकडे किती पाणी गेलं याचा हिशोबच लागत नाही. दाराच्या पुढे आणखी एक अरुंद खाच दिसते, ती फळ्यांसाठी. दार दुरुस्तीला काढलं की त्या खाचेत लाकडी फळ्या एकावर एक सरकवून पाणी अडवायचं. बहुतेक लोक ही दुसरी खाच बघतच नाहीत. बोट घालून बघा, कड अजून धारदार आहे.

तिथून काठाने चालायचं. काठ दोन असतात आणि ते सारखे नसतात. रानाच्या अंगाचा, म्हणजे ज्या बाजूला पाणी द्यायचं त्या खालच्या बाजूचा काठ रुंद असतो, कारण पाणी पेलायचं काम त्याचं आणि खात्याची जीपही त्यावरूनच जायची. डोंगराच्या अंगाचा काठ अरुंद, काही ठिकाणी नाहीच, कारण तिकडे जमीनच उंच. फेरीत सगळ्यांना रुंद काठावरून नेतात ते बरोबर आहे. फाटा सारखा वळत का जातो, हा प्रश्न हमखास येतो. डोंगराच्या कुशीने समपातळीची रेघ धरून चाललं की वळणं येणारच. सरळ नेला असता तर कुठे खोल खणावं लागलं असतं, कुठे उंच भराव घालावा लागला असता. म्हणूनच सरळ रेषेत चार किलोमीटर असलेल्या दोन टोकांमध्ये सात किलोमीटर चालावं लागतं.

मैलदगड तीन दिसतात, त्यांतला एक झुडपात आडवा पडलाय. त्यावरचे आकडे मैल आणि फर्लांगात आहेत. पुढे सिमेंटचा किलोमीटरचा दगड लागतो. दोन्ही मापं शेजारी उभी असल्यामुळे कुठलं काम जुनं आणि कुठलं नंतरचं, याचा अंदाज बांधता येतो. आडवा पडलेला दगड उभा करायचा उत्साह कोणी दाखवू नये. दगड हलला की त्याची जागा हरवते, आणि जागा हाच त्याचा अर्थ आहे.

पुढचा थांबा मोजमापाचा. फाट्याची रुंदी एके ठिकाणी एकदम आवळलेली आहे, तळ गुळगुळीत उंचवट्यासारखा वर येतो आणि मग उताराने खाली जातो. हा स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम, प्रवाह मोजायचं बांधकाम. आवळलेल्या गळ्यातून पाणी वेगाने निसटतं, खाली उतरल्यावर अडखळून उसळी मारतं, आणि त्या उसळीमुळे खालच्या पाण्याचा परिणाम वर पोचत नाही. त्यामुळे वरच्या बाजूला एकच मोजपट्टी वाचली की प्रवाह किती ते कोष्टकात बघून सांगता येतं. या मापकाचा अभ्यास आणि प्रसार मुंबई इलाख्यातच झाला. १९१६ मध्ये इलाख्याने सुरू केलेला जो पाटबंधारे संशोधनाचा कक्ष, तीच आजची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. फ्ल्यूम बिघडतो तो दोन कारणांनी. खाली गाळ आणि पाणकणीस वाढलं की पाणी मागे तुंबतं, उसळी बुडते आणि मोजमाप खोटं ठरतं. नाहीतर कोणीतरी जास्त पाणी घ्यायला उंबरा फोडतो. इथल्या उंबऱ्याची उजवी कड फोडलेली स्पष्ट दिसते.

छोट्या चारीच्या तोंडाशी लोखंडी पत्र्याची व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायची V आकाराची खाच, पडलेली आहे. निरीक्षक तिच्यावर हिशोब करून दाखवतात, तो लिहून घ्यावा. काटकोनी खाचेतून १० सेंटिमीटर उंचीचं पाणी जात असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. तेच २० सेंटिमीटर असेल तर २५ लिटरच्या आसपास. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त. म्हणून पट्टी वाचताना बोटभर चूक झाली तरी हिशोब फार चुकतो. आणि जुन्या पाटकऱ्यांचा ठोकताळा: एक क्युसेक पाणी एक तास सोडलं तर एका एकरावर एक इंच उभं राहतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरला थोडं जास्त. तासाचं होतं एक लाख दोन हजार लिटर. उसाला तीन इंचाची पाळी द्यायची तर एकराला तीन तास. शेजपाळीचं, म्हणजे शेतकऱ्यांना ओळीने पाणी द्यायच्या पाळ्यांचं, सगळं वेळापत्रक, कोणाची पाळी किती वाजता, रात्री दारं धरायला कोण जाणार, हे या एका ओळीतून निघतं. नमुना ७ चा पाणीमागणी अर्ज आजवर ज्यांनी नुसता भरला, त्यांना त्यामागचं गणित इथे उभं दिसेल. २००५ च्या कायद्यानंतर पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी द्यायचं ठरलं, तेही अशाच मापकांच्या भरवशावर.

सगळ्यात मोलाचा थांबा नाल्यावरचा दगडी जलसेतू. तीन कमानी, काळा घडीव दगड, नाल्याच्या वरच्या अंगाला खांबांची टोकं नावेच्या नाळेसारखी निमुळती केलेली, म्हणजे पुराचं पाणी आणि त्यातला ओंडका आदळून न थांबता बाजूला सरकतो. कालवा नाल्यावरून न्यायचा की खालून, हे कसं ठरतं ते इथे समजून घ्या. नाला बराच खोल असेल तर वरून जलसेतू किंवा मोरी. नाला उंच आणि कालवा खोल असेल तर नाल्यालाच कालव्यावरून न्यायचं. दोन्हींची पातळी जवळपास एकच असेल तर सायफन, म्हणजे पाण्याला खाली बुडवून पलीकडे वर काढायचं. या फाट्यावर पहिला आणि तिसरा प्रकार आहे.

जलसेतूच्या पन्हाळीत गाळ कमी आहे, फरशी शाबूत आहे. म्हणून उताराचं प्रात्यक्षिक इथे करतात, आणि ते उत्तम करतात. गवंडी २५ मीटर लांबीची पारदर्शक नळी आणतात, घरबांधणीत पातळी काढायला वापरतात तीच. एक टोक या बाजूला, दुसरं त्या बाजूला, दोन्हीकडे पाण्याची रेघ बघायची आणि तिथून तळापर्यंत पट्टीने मोजायचं. फरक निघतो जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे हजाराला एक. मातीच्या फाट्यात उतार याहूनही कमी ठेवतात, दोन-तीन हजाराला एक. कारण पाण्याचा वेग फार वाढला तर तळ खरवडतो, फार कमी झाला तर गाळ बसतो आणि गवत माजतं. दगडी पन्हाळ खरवडत नाही, म्हणून तिथे उतार थोडा वाढवून रुंदी कमी करता येते, दगडाचा खर्च वाचतो. दीडशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेने मैलोनमैल ही एवढीशी घसरण सांभाळली, हे नळीत डोळ्यांनी दिसतं तेव्हा खरं पटतं. फक्त एक काळजी घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्हीकडची पातळी जुळत नाही आणि माप सरळ चुकतं. नळी आधी भरून, दोन्ही टोकं एकत्र धरून, पाणी एका रेघेत येतं का बघायचं, मगच टोकं लांब न्यायची. घाईत ही तपासणी वगळली गेली तर मागून घ्या. नळी पाच मिनिटं उन्हात ठेवली तरी त्यात बारीक बुडबुडे धरतात.

बांधकाम चुन्याचं आहे. या भागात काळ्या रानात चुनखडीचे खडे मिळतात. त्यांत मातीचा अंश असल्याने त्यांचा चुना पाण्यातही घट्ट होतो. भाजलेला चुना, वाळू, कधी विटांची सुरखी, हे सगळं घाणीत मळायचं. घाणी म्हणजे गोल दगडी चर, त्यात बैलाने फिरवायचं दगडी चाक. जुन्या बांधकामाच्या आसपास चर कुठे उरला असेल तर तो गोठ्यातल्या डोणीसारखा वाटतो आणि नजरेतून निसटतो. चुन्याचा सांधा जरा लवचिक असतो, उन्हातान्हात दगड फुगला-आकसला तर तो सांभाळून घेतो, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर पडू देतो. मधल्या कमानीच्या सांध्यांना नंतर कोणीतरी सिमेंट भरलंय. सिमेंट कडक, पाणी बाहेर सोडत नाही. मग पाणी आतल्या चुन्यालाच विरघळवत दुसरीकडून वाट काढतं. कमानीच्या पोटात जे पांढरे ओघळ दिसतात तो हाच आतला चुना. गवंडी हे फार तळमळीने सांगतात आणि बरोबर सांगतात: जुन्या चुन्याच्या कामाला चुन्यानेच दुरुस्त करावं. फेरीचे पैसे वसूल होतात ते इथेच.

कमानीखाली मात्र जायचं नाही. आग्या मोहोळ असतं. सुगंधी तेल, अत्तर, विडी-सिगारेट, मोठा आवाज, यांपैकी काहीही पुरेसं आहे. फेरीचे मार्गदर्शक ही सूचना देतात, पण जलसेतूजवळ पोचल्यावर देतात. ती निघतानाच द्यायला हवी, कारण अत्तर घरून लावून आलेल्या माणसाला इथे काही करता येत नाही. माशा उठल्याच तर हात न झटकता, तोंड-डोकं कापडाने झाकून, झाडीतून दूर पळायचं. खाली पाणी असलं तरी त्यात बुडी मारू नये, माशा वर घिरट्या घालत थांबतात.

सायफनजवळची व्यवस्था कमी पडते. तोंडाला जाळी नाही. आत अंधार, तळाशी साचलेलं पाणी आणि कुजलेला पालापाचोळा. अशा बंद जागेत हवा खराब असू शकते, घोणस तर हमखास. ‘फक्त डोकावून बघा’ असं सांगून वीस जणांना काठावर उभं करणं चूक आहे. दोरी लावून पाच फुटांवर थांबवावं आणि सायफन कागदावर काढून समजवावा. त्याचं आतलं काम तसंही बघून कळत नाही. मुलं सोबत असतील तर पालकांनी इथे हात सोडू नये.

सायफन ओलांडल्यावर काठ खचलेला आहे आणि एके ठिकाणी पूर्ण फुटलेला. काठ फुटायचं कारण बहुतेक वेळा मोठा पूर नसतो. खेकड्यांची आणि घुशींची बिळं असतात. आवर्तन सुटलं की बिळातून पाणी झिरपतं, झिरप वाढत जाऊन मातीचे कण ओढते, आणि रात्रीत भगदाड पडतं. त्यामुळे चौकीदार पाणी सुटल्यावर काठाच्या बाहेरच्या उतारावर चालत ओल शोधायचा. पाणी आतून दिसतं, धोका बाहेरून. भगदाडाचा कापलेला भाग नीट बघा, मातीचे थर दिसतात. खाली मुरूम, मधे काळी माती, वर पुन्हा मुरूम. काळी माती पाणी अडवते पण वाळली की भेगाळते, मुरूम भेगाळत नाही पण पाणी सोडतो. दोन्ही एकमेकांना सांभाळतात.

फाटा का बंद पडला, याचं उत्तर सगळ्या वाटेवर पसरलेलं आहे. शेवटाला पाणी पोचेना, म्हणून टेलच्या शेतकऱ्यांनी विहिरी आणि नदीवरून लिफ्ट, म्हणजे पंपाने पाणी उचलायच्या योजना, केल्या. लिफ्टचं पाणी हवं तेव्हा मिळतं, पाळीची वाट बघावी लागत नाही. फाट्याची मागणी घटली, मागणी घटली म्हणून गाळ निघेना, गाळ निघेना म्हणून पाणी आणखी अडलं. मग बांधकरी काठ कोरत आले. काही ठिकाणी फाट्याच्या तळातच ऊस उभा आहे. इथे बोलताना जपून. ज्याच्या रानातून तुम्ही जाताय त्याच्याकडून अतिक्रमणाचा जबाब घ्यायला फेरी निघालेली नाही. पण कालवा आणि त्याचे काठ ही सरकारी मालमत्ता आहे, आणि महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ नुसार त्याचं नुकसान करणं हा गुन्हा आहे, हेही सगळ्यांना माहीत असावं.

एका वळणावर खालच्या रानात मातीवर पांढरा थर दिसतो. मीठ सांडल्यासारखा. ही क्षारपड जमीन. सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या तालुक्यांत हे दुखणं मोठं आहे. उसाला पाट मोकळा सोडायचा, निचऱ्याला वाव नाही, भूजल वर येतं, ऊन पाणी उडवतं आणि क्षार वर ठेवतं. उपाय जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं, आणि पाणी मोजून देणं. फेरीत हा थांबा दोन मिनिटांचा आहे, तो पंधरा मिनिटांचा हवा. सिंचनाचा वारसा दाखवायचा तर त्याचं हे अंगही दाखवावं, ते वाटेतच आहे.

शेवटचा टप्पा किर्लोस्करवाडी. इथे फेरी घाईला येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. तेव्हाचं स्टेशन कुंडल रोड, आज तेच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक आणि १९२०च्या दशकापासून सेंट्रिफ्युगल पंप. मार्गदर्शक हे सगळं रस्त्यावर उभं राहून पाच मिनिटांत उरकतात. खरं म्हणजे या चालीचा सगळा अर्थ इथे जुळतो. कालव्याने पाणी उताराने आणलं, त्या पाण्यावर ऊस वाढला, उसाला चरक लागला, खोल नांगरट लागली, आणि पंपाने पाणी उताराच्या उलट चढवलं. आपण ज्या कोरड्या तळातून चालत आलो तो कोरडा का पडला, याचं अर्धं उत्तर पंपात आहे. हे जोडून सांगायला दहा मिनिटं आणि एक जुना चरक पुरे. आसपासच्या गुऱ्हाळांवर जुने बिडाचे चरक अजून सापडतात. दिवाळीनंतर गुऱ्हाळं चालू असताना फेरीचा शेवट तिथे केला तर ते सहज जमेल, काहिलीतला ताजा गूळही चाखता येईल. कारखाना खाजगी आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. फाटकासमोर उभं राहून फोटो काढण्याचा आग्रह धरू नये.

अशीच जोडी वर कराडलाही आहे. डाव्या तीरावर कालवा आणि रेल्वे स्टेशनजवळ ओगलेवाडी, जिथे ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला आणि प्रभाकर कंदील घराघरांत गेला. कारखाना बंद पडला, नाव वाडीला उरलं. तिथला कालवा वाहता असल्याने तळ दिसत नाही, पण एकाच दिवसात दोन्ही बघायचे तर सकाळी ही चाल आणि दुपारी रेल्वेने कराड असं बसतं.

आता जाण्यायेण्याचं. पुणे–मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन आहे, पॅसेंजर आणि काही एक्सप्रेस थांबतात. सकाळी पावणेसातला पोचायचं तर बाहेरच्यांनी आदल्या रात्री सांगलीत किंवा कराडला मुक्काम करावा. फेरी स्टेशनजवळ संपते, त्यामुळे गाडी सुरुवातीला लावली तर परत जायला रिक्षा लागते. आधीच ठरवून ठेवा, रविवारी अकरा वाजता रिक्षा सहज मिळत नाही.

बूट जाड तळाचे हवेत. वेड्या बाभळीचा काटा साध्या कॅनव्हासच्या बुटातून आरपार जातो. पायघोळ विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खाजकुयलीच्या शेंगा पिकलेल्या असतात. कूस लागली तर चोळू नये, आधी चिकटपट्टीने उपटून काढावी, मग धुवावं. पाणी माणशी दोन लिटर, वाटेत पिण्याजोगं पाणी नाही. काठी जवळ ठेवा, वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी आणि दगडी पिचिंगमध्ये, म्हणजे काठाच्या उतारावर बसवलेल्या दगडांत, पाऊल टाकण्याआधी आपटायला. ऊसतोडीच्या दिवसांत बिबट्याचा वावर असतो, म्हणून गटातून मागे रेंगाळू नका आणि अंधार असताना एकट्याने फाट्यावर जाऊ नका. पावसाळ्यात ही चाल घेऊच नये. काळ्या मातीचा चिखल बुटाला शेर-दीड शेर चिकटतो आणि खचलेला काठ पायाखाली सुटतो. पाऊस झाल्यावर किमान आठवडाभर जाऊ द्यावा. सगळ्यात चांगले महिने डिसेंबर आणि जानेवारी.

नाश्त्याला भाकरी, झुणका, खर्डा आणि ताक. चव चांगली, प्रमाण पुरेसं, पण तो साडेनऊला मिळतो. पहाटे निघालेल्यांनी सोबत केळं किंवा भडंग ठेवावं. बायकांसाठी स्वच्छतागृह फक्त सुरुवातीला आणि शेवटी, मधल्या चार तासांत काही नाही. हे नाव नोंदवतानाच सांगितलं पाहिजे, आज सांगितलं जात नाही. प्रथमोपचाराची पेटी निरीक्षकांच्या पिशवीत असते, पण तिच्यात चिमटा नव्हता. काट्याच्या वाटेवर चिमटा आधी, मलमपट्टी नंतर. आणि वीस माणसं ही संख्या जास्त आहे. अरुंद काठावर मागच्या सात-आठ जणांना पुढचं बोलणं ऐकू येत नाही. बारावर थांबवलं आणि शुल्क ४०० केलं तरी लोक येतील.

एक गोष्ट मात्र फेरीच्या पुढच्या तारखेची वाट न बघता व्हायला हवी. जलसेतूच्या तिसऱ्या कमानीच्या माथ्यावर, चावीच्या दगडाच्या, म्हणजे कमान आवळून धरणाऱ्या मधल्या दगडाच्या, शेजारच्या सांध्यात पिंपळ रुजलाय. आज खोड अंगठ्याएवढं आहे. तो उपटायचा नाही. उपटला तर मुळासकट सांधा बाहेर येतो आणि चावीचा दगड सैल होतो. बुंध्याशी कापायचा, कापल्या जागी लगेच झाडमार औषध लावायचं, मूळ आत मरू द्यायचं, आणि ते वाळल्यावर पोकळी चुन्याने भरायची. काम एका सकाळचं आहे. त्याला खात्याच्या शाखा कार्यालयाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळवायला निवृत्त निरीक्षकांपेक्षा योग्य माणूस नाही. मृगाच्या आत व्हावं.